मोरीत टाकलेला गळ

तुमच्या बाबानं मला व्हिडिओवर बजावून सांगितलं होतं, "आई, त्या ड्रेनमध्ये तू हात घालायचा नाहीस." मी घातला. कोपरापर्यंत नाही, मनगटापर्यंतच, पण घातला आणि काम फत्ते झालं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला वाचून दाखवताना बाबा मध्येच थांबून रागावणार नाही.

दर रविवारी तुम्ही दोघं विचारता, "आजी, या आठवड्यात काय केलंस?" आणि मी म्हणते, "काही नाही रे, नेहमीचंच." बहुतेक वेळा ते खरंच असतं. सकाळी झाडांना पाणी, मग पेपर, मग स्वयंपाक, संध्याकाळी एक फेरी. या वेळी मात्र सांगण्यासारखं आहे, आणि फोनवर ते नीट सांगून होत नाही. तुमच्याकडे रात्र, माझ्याकडे सकाळ, मध्ये कुणाला तरी शाळेची घाई. म्हणून लिहिते.

मोठी आजी तुम्हाला आठवते का? अणदूरची. आलात तेव्हा तुमच्या जॅकेटच्या खिशांत तिनं ओल्या भुईमुगाच्या शेंगा मातीसकट भरल्या होत्या आणि विमानतळावर त्या निघाल्यावर तुमच्या आईची धांदल उडाली होती. ती माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते आणि आजही अहो-जाहो करते. ती मला अगं-तुगं करते आणि फार लाडात आली की मास्तरीणबाई म्हणते. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तिनं शेत सांभाळलं. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. कुणाला कळू न देता माझ्या वाटणीच्या भाकरी तिनं कितीतरी दिवस थापल्या.

तर या अक्कांना मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत. तांदळातले खडे त्या बोटांनी चाचपून काढू लागल्या होत्या आणि आलेलं माणूस आवाजावरून ओळखत होत्या. त्यांचा मुलगा त्यांना धाराशिवला माझ्याकडे घेऊन आला. आधी तपासण्या, मग एका डोळ्याचं ऑपरेशन, आणि महिन्याभरानं दुसऱ्याचं. तोवर त्यांनी माझ्याकडेच राहायचं, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "एक डोळा झाला की बास. दोन्ही डोळ्यांनी बगायला आता हाय काय?" आणि रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की, "अणदूरची गाडी कवा हाय गं?"

"तुळजापूरला बदलायला लागते, अक्का. आणि डॉक्टरांनी सोडलेलं नाही."

"डाक्टर काय, पोरगी हाय ती. तिला कुठं म्हाईत, माझं घर कसं चाललंय."

त्या पोरगीनं पहिल्या ऑपरेशननंतर पट्टी काढली, काळा चष्मा चढवला आणि स्पष्ट सांगितलं: डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही, धूळ आणि धुरापासून लांब राहायचं. अणदूरला तेव्हा सोयाबीनची मळणी चालू होती. मशीन घरापुढच्या खळ्यातच उभं असतं आणि त्याचा भुसा संध्याकाळपर्यंत हवेत तरंगत राहतो. अक्का तिथं गेल्या असत्या तर काळा चष्मा खुंटीला अडकवून राशीपाशी जाऊन उभ्या राहिल्या असत्या. आणि एकदा गेल्या की दुसऱ्या डोळ्यासाठी परत आल्या नसत्या. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेली कोणती मुलगी पुन्हा कॉलेजला येणार नाही, हे जसं मला वर्गात चेहऱ्यावरून कळायचं, तसं हे कळत होतं. त्यामुळे महिनाभर त्यांना जायला एकही निमित्त मिळू द्यायचं नाही, एवढाच माझा बेत होता.

आणि निमित्त निघालं ते माझ्याच बाथरूममधून.

त्या सकाळी मी शॉवरखाली उभी होते. डोक्यावरचा साबण धुतला, डोळे उघडले, तर पाणी घोट्यापर्यंत आलेलं. साबणाचा फेस बेटासारखा माझ्याभोवती फिरत होता. नळ बंद करून वाट पाहिली. पाणी जागचं हललं नाही.

तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. मला अपमान वाटला. दर शनिवारी मी ती जाळी फिरवून काढते, केस काढते, आतली वाटी घासते. आमच्या बोअरचं पाणी जड, कशावरही पांढरा थर धरतं, म्हणून अर्ध्या लिंबावर सोडा घेऊन जाळी आणि शॉवरची चाळणी दोन्ही चोळते. माझ्या अंगणात लिंबाचं झाड आहे, लिंबांना तोटा नाही. अक्कांना मात्र हे अजिबात पटत नाही. "लोणच्याची लिंबं मोरीत पिळतीस? अय्यो! विंग्रजी शिकून अक्कल कुठं ठेवलीस गं?" असं त्या मला आल्या आल्याच म्हणाल्या होत्या.

आता पाणी तुंबलेलं पाहून मला वाटलं, त्या आणखी चार शब्द सुनावतील. पण त्या काहीच बोलल्या नाहीत. दारापर्यंत आल्या, काळ्या चष्म्यातून आत पाहिलं आणि माघारी जाऊन खुर्चीत बसल्या. ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. अक्का आणि टोमणा मारायची संधी सोडणार?

दुपारी प्लंबर आला. ओळखीतलाच, कामाचा चांगला, फक्त नेहमी घाईत. त्यानं जाळी काढली, लांब तार आत सारली, पुढंमागं केली. तार थोडी आत गेली की मऊ कशात तरी रुतायची. जोर लावला तशी आणखीच रुतली. तो उठला, हात पुसले.

"मॅडम, लाइन बसली आतून. स्लोप गेलाय. फरशी फोडून नवीन पाइप टाकावा लागंल."

"किती दिवस?"

"बाथरूम तीन-चार दिवस बंद धरा. सध्या दुसऱ्या साइटवर हाय मी. सोमवारी सकाळी माणसं घिऊन येतो."

"घरात डोळ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस आहे हो. धूळ चालत नाही."

"धूळ तर हुणारच, मॅडम. कटर चालवावं लागतंय. पाव्हण्यांना चार दिवस दुसरीकडं ठेवा की."

बाहेरच्या खोलीत अक्कांचा जप चालला होता. "चार दिवस दुसरीकडं" हे शब्द आले आणि जप थांबला. प्लंबर गेल्यावर मी बाहेर आले तर त्यांनी कापडी पिशवी मांडीवर घेतली होती आणि चाचपत एकेक लुगडं घडी करून आत घालत होत्या.

"अक्का, हे काय?"

"अणदूरची गाडी कवा हाय?"

"तुम्ही कुठंही जाणार नाही."

"तुझी फरशी फोडायला लागल्यात. त्यात माझं कुठं करत बसतीस. मी जाते. डोळा झालाय एक, लई झालं." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यात हुकूम नव्हता, अजिजी होती. अक्कांच्या तोंडी अजिजी मी क्वचितच ऐकली आहे. मी पिशवी त्यांच्या मांडीवरून उचलली आणि माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यांनी किल्लीही मागितली नाही. हेही विचित्रच होतं.

त्या संध्याकाळी मी अंगणात बसून विचार केला. विचार करायची मला सवय आहे. वर्गात मी मुलांना सांगायचे, उत्तर सापडत नसेल तर आधी प्रश्न पुन्हा वाचा. प्रश्न असा होता: स्लोप गेला, म्हणजे पाइपचा उतार बिघडला, तर पाणी कसं वागेल? हळूहळू तुंबायला लागेल. आज थोडं, पुढच्या महिन्यात जास्त. एका रात्रीत उतार नाहीसा होत नाही. शिवाय त्या उताराबद्दल मला प्लंबरपेक्षा जास्त माहिती होती. हे घर बांधलं तेव्हा तुमचे आजोबा आणि मी दोघांनी मिळून तो उतार पाहिला होता. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघतात. नळीचं एक टोक आजोबांनी भिंतीशी धरलं होतं, दुसरं मी न्हाणीच्या खड्ड्यात उभी राहून. कॉलेजची साडी खोचून, चिखलात. गवंडी म्हणाला होता, "बाई, हात हलवू नका." मी हलवला नव्हता. तो उतार चुकीचा नाही, हे मी शपथेवर सांगू शकले असते.

मग एका रात्रीत काय होतं? काहीतरी आत जातं. तार ज्यात रुतली ते मऊ होतं, म्हणजे माती नव्हे, क्षारही नव्हे. इतपत मी एकटीनं पोचले. पुढे अडले, कारण माझ्या बाथरूममध्ये आत जाण्यासारखं काहीच सुटं नसतं.

रात्री तुमच्या बाबाचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, इथं आम्ही एक लिक्विड ओततो, तूही आण, ओत, आणि हात मात्र घालू नकोस. सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदारानं एक बाटली काढून दिली. मागचं बारीक अक्षर दुकानाच्या उजेडात लागेना, म्हणून रस्त्यावर उन्हात आले आणि हात लांब करून वाचलं. वाफेनं डोळ्यांची आग होईल, असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं. बाटली परत दिली. दुकानदार म्हणाला, "अहो काकू, सगळे नेतात." मी म्हटलं, "सगळ्यांच्या घरी माझ्या जाऊबाई नाहीत."

तर फरशी फोडायची नाही आणि औषधही ओतायचं नाही. सोमवार तर जवळ आलेला. घरी आले तेव्हा अक्का पायरीवर बसल्या होत्या, लिंबाच्या झाडाकडे तोंड करून. मी बाटली न आणण्याचं कारण सांगितलं. त्या एकदम म्हणाल्या, "आडात घागर पडली तर काय करत्यात गं?"

"गळ टाकतात."

"मग?"

आता तुमच्यासाठी सांगते. विहिरीत किंवा आडात बादली, घागर पडली की दोराला लोखंडी आकड्यांचा झुपका बांधून आत सोडतात आणि तळ चाचपत फिरवतात. त्याला गळ म्हणतात. अणदूरच्या घरी तो दाराच्या वर टांगलेला असायचा आणि आळीतला कुणीही येऊन मागून न्यायचा.

"अक्का, गळाला लागायला आत काहीतरी पाहिजे ना. घागर कुठं आहे मोरीत?"

"आसंल की काहीतरी." त्यांनी लिंबाकडचं तोंड वळवलं नाही. "त्यो तार नुसता ढकलतुया. ढकलून घागर वर येती व्हय?"

एवढं खरं होतं. प्लंबरच्या तारेचं टोक सरळ होतं. जे काही आत होतं ते त्यानं आणखी आत दाबलं होतं. मला ढकलायचं नव्हतं, ओढायचं होतं. मला इतका आनंद झाला की मी चहासुद्धा टाकला नाही.

कपाटातला तारेचा जुना हँगर घेतला. आजोबांची पक्कड काढली. हँगर सरळ केला, त्याचं टोक क्रोशाच्या सुईसारखं वळवलं, आणि मग मनाशी म्हटलं, एका आकड्याला गळ म्हणत नाहीत. दुसरा हँगर आणला, त्याचे दोन लहान तुकडे वळवून पहिल्याला बारीक तारेनं आवळले. तीन आकडे, तीन दिशांना. अक्कांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी टोकं चाचपली, आवळलेली जागा हलवून पाहिली.

"आकडं बारीक कर. पायपात जायाला पायजे. आन् टोकं आत वळीव, न्हायतर जाताना अडकंल आन् येताना निसटंल."

मी टोकं आत वळवली.

जेवणं झाल्यावर पदर खोचला. रबरी हातमोजे, मग, बादली, पाट. अक्कांना दाराबाहेर खुर्चीवर बसवलं, आत पाऊल टाकायचं नाही अशी अट घालून. बाथरूमचा बल्ब मेला मंद झाला होता, काही दिसेना, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून साबणाच्या कोनाड्यात उभा केला. साठलेलं पाणी मगानं उपसून बादलीत भरलं.

"ते पाणी कुठं टाकणार?" बाहेरून आवाज.

"टाकते कुठंतरी. साबणाचं आहे."

"लिंबाला घाल. साबणानं झाड मरत न्हाय."

पाटावर बसले. जाळी काढली. त्याखाली एक खोलगट भांडं असतं, त्यात पाणी साठून राहतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही. प्लंबर लोक त्याला न्हाणी ट्रॅप म्हणतात. त्या भांड्यात बाजूला एक तोंड असतं, तिथून पाइप बाहेर जातो. तार सरळ खाली घालून भागत नाही, ती कडेला वळवावी लागते. पहिल्यांदा गळ भांड्याच्या तळाशीच खरडत राहिला. मग वळवून पाइपच्या तोंडात सारला. मऊ लागलं. ओढला. मोकळाच बाहेर आला, आकड्यांवर चार केस.

"काय आलं?"

"केस."

"कुणाचं?"

"आता ते काय विचारता, अक्का. पांढरे आहेत."

"मग दोघींचं."

पुन्हा घातला. पुन्हा लागला आणि पुन्हा निसटला. पाठ दुखायला लागली. गुडघे म्हणत होते, ऊठ. तुमच्या बाबाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि खरं सांगते, त्या चेहऱ्यामुळेच मी उठले नाही.

"ओढू नको," अक्का म्हणाल्या. त्या खुर्चीवरून उठून चौकटीला धरून उभ्या होत्या. "तू सरळ ओढतीस. पिरगळ. चऱ्हाटाला पीळ देतीस का न्हाय, तसा दे. लागलं म्हणजे फिरीवत ऱ्हा, मग ओढ."

"तुम्हाला काय माहीत ते कापड आहे म्हणून? पीळ कापडाला बसतो."

"फिरीव तू," एवढंच त्या म्हणाल्या. मीही हातातल्या कामात होते, पुन्हा विचारलं नाही. गळ आत सारला, लागल्यासारखं वाटलं तशी तार चिमटीत धरून फिरवू लागले. आधी सैल फिरली, मग जड झाली, मग फिरेचना. तेव्हा हातमोजा काढला, कारण रबरातून काही कळत नव्हतं, आणि उघडा हात भांड्यात घालून तार पाइपच्या तोंडाशीच धरली. हाच तो हात. श्वास रोखला आणि ओढलं.

आधी काहीच झालं नाही. मग एक मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज आला, गळ हातात आला आणि गळाच्या मागोमाग लांबच लांब काळपट काहीतरी सरसरत बाहेर आलं. भांड्यातलं पाणी गर्रकन फिरलं आणि घटाघट निघून गेलं. मी बादलीतलं पाणी ओतलं. तेही गेलं. नळ सोडला, तेही गेलं. ओल्या फरशीत पाटावर बसल्या बसल्या मी एकटीच मोठ्यानं "वा!" म्हणाले. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"गेलं?" अक्का.

"गेलं!"

"काय निघालं?"

मी ते मगातल्या पाण्यात खळबळलं. काळपटपणा निघाला आणि खालून हिरवा काठ वर आला. इरकली लुगड्याचा काठ. टॉर्चजवळ धरून पाहिला आणि मगच खात्री झाली.

"बोळा निघाला, अक्का. इरकली. हिरव्या काठाचा."

बाहेर खुर्ची करकरली. त्या बसल्या.

"माझाच हाय," त्या म्हणाल्या.

मी हात धुतले, पुसले आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. ऑपरेशनच्या आधी त्या रोज अंघोळीला गेल्या की जाळी काढून ठेवायच्या आणि मोरीच्या तोंडात हा बोळा कोंबायच्या. अंघोळीचं पाणी फरशीवर साठायचं. ते मगानं बादलीत भरायच्या आणि मी पेपर वाचत असताना मागच्या दारानं नेऊन लिंबाला घालायच्या. लिंबाचं आळं सकाळीच ओलं दिसायचं ते यामुळे. मला वाटायचं, भांड्यांचं पाणी ओतत असतील.

"एवढं पाणी गटारात जातंय, बगवना मला. आमी दुष्काळात बाजंवर बसून आंघोळ करायचो, खाली घमेलं ठिवून. त्याच पाण्यात पोरांची कापडं भिजायची, आन् उरलं तर म्हशीच्या अंगावर. तुझ्या त्या शावरखाली तर घागरीच्या घागरी जात्यात." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाहताना बोळा आत सरकला. त्यांना तो दिसेना. चाचपून पाहिलं, हाताला लागेना. जाळी बसवून टाकली. काही दिवस पाणी बोळ्याच्या कडेनं जात राहिलं असणार, आणि मग तो पुढं सरकून पाइपात गच्च बसला.

"मग सांगायचं नाही का?"

"सांगणार हुते. तर त्यो मिस्त्री म्हणला फरशी फोडायची. मग जीभच उचलंना बग. तुमी दोघांनी बांधल्यालं घर. माझ्या एका बोळ्यापायी फोडायचं." काळ्या चष्म्याखाली त्यांनी बोट नेलं. मी पटकन हात धरला, "डोळ्याला हात लावायचा नाही!" आणि त्या ओरडण्यानं आम्हा दोघींनाही हसू फुटलं. मग ते थांबेना. मी पाटावर जोर लावून लावून बोळा ओढत होते आणि तो कुठं आहे हे माहीत असलेलं माणूस दाराशी बसून "पिरगळ, पिरगळ" सांगत होतं!

"म्हणून काल पिशवी भरत होतात," मी म्हटलं.

"व्हय. तुझी फरशी फुटताना बगायला नगं."

"आता फुटणार नाही. पिशवी कुलपातच राहील."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. एवढंच. मला मात्र तेवढ्यानं बाथरूमपेक्षा मोठं काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी बाजारात जाऊन मी प्लास्टिकचं रुंद, उथळ टप आणलं. अक्कांचं नाहायचं स्टूल त्यात बरोबर बसतं. आता पाणी टपात साठतं, बोळा लागत नाही, आणि टप मी उचलते, त्या नाही. सुरुवातीला मी त्यांच्यासाठी म्हणून हे केलं. मग एक दिवस मी शॉवर न घेता त्याच टपातल्या स्टुलावर बसून बादलीनं अंघोळ केली आणि पाणी लिंबाला नेऊन घातलं. अक्का खिडकीतून बघत होत्या. "शिकली मास्तरीणबाई," एवढं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या.

सोमवारी प्लंबर माणसं आणि कटर घेऊन दारात हजर. मी त्याला आत नेलं आणि नळ सोडून दाखवला. पाणी सरळ निघून गेलं. तो वाकून बघत राहिला.

"कुणी केलं, मॅडम?"

मी काही बोलायच्या आत अक्का बाहेरून म्हणाल्या, "आमच्या जावंनं. गळ टाकून. फोडायला सगळेच येत्यात बाबा, काढाय कुणी येत न्हाय." तो बिचारा हसला, गळ हातात घेऊन निरखला आणि म्हणाला, "ह्यो द्या की मला." मी दिला नाही. तो आता बाथरूमच्या दारामागं खिळ्याला टांगला आहे. तुम्ही आलात की दाखवीन.

मधल्या काळात सोयाबीनची मळणी संपली. अक्कांचा दुसरा डोळाही झाला. पट्टी काढल्यावर डॉक्टरनं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. अक्कांना अक्षरं येत नाहीत, म्हणून तिनं चित्रांचा तक्ता आणला. पार तळातली चिमणी अक्कांनी ओळखली आणि वर म्हणाल्या, "तिचा एक पाय पुसलाय." डॉक्टरनं जवळ जाऊन पाहिलं. पुसला होता.

घरी आल्यावर त्यांनी चष्मा सावरत सगळं घर फिरून पाहिलं. मी अभिमानानं मागे मागे. तुम्हाला माहीत आहे, माझ्या घरात बोट फिरवलं तर धूळ लागत नाही. बाथरूमच्या दारात त्या थांबल्या. जाळीकडे पाहिलं, चमकत होती. कोपऱ्यात पाहिलं.

"हे काय?"

"कुठं?"

"हितं. बोटभर पांढरा थर बसलाय. आन् वर जाळं लोंबतंय कोळ्याचं."

मला दिसेना. मी म्हटलं, "हा बल्ब मंद आहे, अक्का. बदलायचाय."

त्यांनी बल्बकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दोन्ही नव्या डोळ्यांनी, सावकाश. "बल्ब लख्ख हाय गं," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "बोळा बी तू टार्चपाशी नेऊन बगत हुतीस. दुकानातली बाटली उनात नेऊन वाचलीस. मला काय कळत न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला त्या पोरगी-डॉक्टरकडं नेलं. माझा हात धरून, रिक्षावाल्याला रस्ता सांगत. मोतीबिंदू आहे, माझ्याही डाव्या डोळ्यात, उजव्यात सुरुवात. काळजीचं काही नाही, तारीख मिळाली आहे. बाबाला हे मी फोनवर सांगितलेलं नाही, इथेच सांगते आहे, म्हणजे तो ओरडेल तेव्हा मी समोर नसेन. मला सोबत कोण, अशी काळजी त्यानं करू नये.

काल सकाळी चहा देताना मी मुद्दाम विचारलं, "अक्का, अणदूरची गाडी बघू का?"

मी वेचून आणलेली लिंबं त्या पायरीवर बसून परातीत पुसून ठेवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुठली गाडी?"